खिंडीअलीकडचं शेत

प्रिय वहिनी,

परदेशातली माझी पहिली स्पर्धा संपली. शेवटून दुसरी आले.

निघताना तू एकच काम सांगितलं होतंस, "ह्यांना उतरायला खरंच जागा नव्हती का, तेवढं बघून ये."

काल मी दादाच्याच वाटेने उडाले. गेल्या वर्षी त्याचं ग्लायडर ज्या कड्यावर आदळलं, त्याच्या अलीकडे वर उचलणारा वारा पडतो. इंजिन नसतंच. मग एक तर खाली उतरून त्या फेरीचे गुण सोडायचे, नाहीतर आहे त्या उंचीवर पुढची खिंड गाठायला बघायचं. खाली कापणी झालेलं शेत होतं, सपाट, नवशिक्यालाही दिसेल असं. मी उतरले.

शेतकरीण ट्रॅक्टर घेऊन आली. मला पाणी दिलं आणि म्हणाली, "गेल्या वर्षी एकजण इथे घिरट्या घालून पुढे गेला. मी हात केला, त्यानेही केला."

म्हणजे दादाने शेत पाहिलं होतं. तो चुकला नाही की घाबरला नाही. त्याला गुण सोडून उतरायचं नव्हतं. घरी तू होतीस, लेक होती, तरीही.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी हॉटेलच्या खोलीत बूट काढत होते.

"जागा नव्हती, वहिनी," मी म्हणाले.

तू म्हणालीस, "बरं. जेवलीस का?"

जेवले म्हणाले. तेही खोटंच होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही.

तुझी,
धाकटी नणंद