रजेवर आहेत म्हणून सांगा

सर, वर्गातल्या तुमच्याच टेबलाशी बसून लिहितेय. डावा पाय अजून डगमगतो, आणि तुम्ही त्याखाली सारलेली पुठ्ठ्याची घडीही तशीच आहे. दुपारची सुट्टी चालू आहे, पोरी बाहेर डबे खात बसल्यात. माझा डबा मी उघडलासुद्धा नाही. चार वाजता पेठ गावाहून एका मुलीचे वडील येणार आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचं दुसरं वर्ष पुरं केलं तर पोरीला नोकरी लागेल का, एवढंच त्यांना विचारायचंय. लागेल म्हटलं तर तिला इथे ठेवतील. नाही म्हटलं तर आजच सोबत घेऊन जातील आणि उन्हाळ्यात लग्न लावून मोकळे होतील. काय बोलू ते मला सुचत नाही.

माझे वडीलही इथेच, दाराजवळच्या स्टुलावर बसून तुम्हाला हेच विचारत होते. तुम्ही हातातल्या बोर्डावरून मान न उचलता म्हणालात, "लागेल. हात चांगला आहे तिचा." आणि लागली. तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही शिरत होते, अंबडच्या कारखान्यात बोर्डांवर सुटे भाग बसवायला मुली हव्या होत्या. जाताना तुम्ही मला बोर्डावर जोड घालायची तुमची लाकडी मुठीची सोल्डरिंग गन दिलीत आणि तुमची नेहमीची अट घातलीत: जो कारखान्यात जाईल त्याने पुढच्या वर्गातल्या एकाला आत ओढायचं. मी तीन वर्षांत तिघींना ओढलं. तुमचा राग मात्र इथे शिकताना पहिल्याच वर्षी पाहिला होता. मी जोडलेला रेडिओ वर्गात सगळ्यांच्या आधी वाजला म्हणून मी मिरवत होते. तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बोर्डावर टिचकी मारलीत आणि तो गप्प झाला. "आत्ता वाजतोय म्हणून जोड पक्का होत नाही. ज्याच्या घरी जाईल, तो तुझ्या नावाने बोटं मोडेल." मी रडत रडत अख्खा बोर्ड पुन्हा केला.

नोकरीच्या चौथ्या वर्षी तुम्ही कारखान्याच्या फाटकावर आलात. जेवणाची सुट्टी होती. तुमची लुना, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि सिटी बसने आलेल्या दोन नव्या मुली. त्याच आठवड्यात आमच्या शेडमध्ये सुटे भाग बसवणारं मशीन आलं होतं. आमची अख्खी लाइन दिवसभर जे करायची ते त्याचं सकाळीच उरकायचं. नवीन कुणी घ्यायचं नाही, जुन्यांचंही बघू, असं सुपरवायझर सांगून गेला होता. मी कॅन्टीनच्या खिडकीतून तुम्हाला पाहिलं आणि वॉचमनला निरोप धाडला, बाई रजेवर आहेत म्हणून सांगा. तुम्ही जे जीव ओतून शिकवता त्याची गरज संपली, हे तुमच्या तोंडावर कसं सांगणार होते? तुम्ही टपरीवर मुलींना चहा पाजलात आणि निघून गेलात. पुढच्या वर्षी पुन्हा वर्ग भरलात, पुन्हा तेच शिकवलंत. तुम्हाला कुणीच काही बोललं नाही, आणि बोलू शकणारी मी एकटीच होते. त्या वर्गातली एक मुलगी आज मेन रोडला दुकानात साड्या दाखवते, एक हंगामात निफाडला द्राक्षं पॅक करते. मलाही कामावरून कमी केलं. तुम्ही गेल्यावर तुमची ही शिकवायची खुर्ची मिळाली, आणि ती मी घेतली.

आता फळ्यावर मी झोकात यादी लिहिते: कॉम्प्युटर दुरुस्ती, नेटवर्किंग, डेटा एंट्री, मोबाइल रिपेअरिंग, अप्रेंटिसशिप. या यादीच्या मागे महिनाभर दारोदार फिरले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मुलगी कशी चालेल मॅडम, लोकांच्या घरी जाऊन मशीन उघडावं लागतं." मोबाइलवाला म्हणाला, आता कोण दुरुस्त करतं, पार्टच बदलतात. अप्रेंटिसना वर्ष संपलं की घरी पाठवतात. आणि पेठच्या या पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, सर. मी तिच्या बोर्डावर टिचक्या मारून थकले, एक जोड हलत नाही. तिला मी काय म्हणून ठेवून घेऊ, आणि काय म्हणून जाऊ देऊ? मला स्वतःची चीड येते.

चार वाजून गेलेत. मध्येच लिहायची थांबले होते. शिपाई मावशी आत येऊन म्हणाल्या, "मॅडम, पेठचे ते पाव्हणे आलेत." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रजेवर आहेत म्हणून सांगा." मावशी तसंच सांगायला गेल्या. बाहेरून त्या पाव्हण्यांचा आवाज आला, "पोर तं म्हनली मॅडम हायेत. बसतो मी. गाडी सहाला हाय." ते पायरीवर बसलेत. पोरगी शेजारी उभी आहे. सकाळी तिला मीच शिकवलंय, रजा खोटी आहे हे तिला ठाऊक आहे.

या खोलीला दार एकच आहे, तुम्हाला माहीत आहे. हा कागद ड्रॉवरमध्ये तुमच्या सोल्डरिंग गनखाली ठेवते आणि उठते. एक राहिलं. तुम्ही चहा पाजून निघून गेलात असं वर लिहिलंय, ते मी पाहिलेलं नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा तुम्ही फाटकापाशीच उभे होतात, सर.