घरट्यापुढची पानं

३ मार्च
पोचले एकदाची! आईने पिशवीत इतकं कोंबलंय की बंद तुटायचाच बाकी होता. पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि वर पगार घ्यायचा, हे तिला अजून खरं वाटत नाही. मलाही कुठे वाटतंय!

सरांचं घर ट्रकच्या गॅरेजला लागूनच आहे. दिवसभर ग्राइंडर किंचाळत असतो, त्यामुळे इथे गुपितसुद्धा बोंबलून सांगावं लागेल. मला वरची खोली मिळाली. खिडकीच्या गजांवर दाट वेल आहे, आत गारेगार. सर फार मृदू बोलतात, मला अहो-जाहो करतात. त्यांचं पुस्तक होणार आहे, माणसांच्या गराड्यात बांधलेल्या घरट्यांवर. गॅरेजमध्ये खुंटीवरच्या हेल्मेटात दयाळाने घरटं केलंय. ते हेल्मेट तिथल्या मिस्त्रींचं. बायकोची बोलणी खातात, पण बोडक्यानेच गाडीवर येतात. म्हणाले, घरमालकीण उठेपर्यंत इलाज नाही.

५ मार्च
आज पहिलं काम. कुंपणाच्या झुडपात बुलबुलाची तीन पिल्लं. समोरची पानं सरांनी मला कापायला लावली. पिल्लांना ऊन लागेल, असं मी म्हटलं. ते हसून म्हणाले, सावलीत फक्त दया येते, फोटो येत नाही.

कापली.

मग आम्ही घरट्याशी बसूनच राहिलो, म्हणजे आईला जवळ येता येईना. भूक लागली की चोची जास्त उघडतात म्हणे. दुपारी एकाची मान पडली. सरांनी त्याला काडीचा टेकू देऊन मागे उभं केलं. फोटो अप्रतिम आला. लाज वाटते लिहायला, पण मीही खूश झाले.

९ मार्च
तिन्ही मेली. मुंग्या लागल्या. मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत.

सरांनी छोट्या स्पीकरवर पिल्लांचं चिवचिवणं लावलं. चोचीत अळी घेऊन आई आली. रिकाम्या घरट्यात वाकून बघायची, उडायची, पुन्हा यायची. सर तो फोटो जेवताना बघत होते. मी ताट बाजूला सारलं.

महिनाअखेर निघते, असं सांगून टाकलं. ते जरूर म्हणाले. घरी कोण असतं, विचारलं. फक्त आई. ती मला काय हाक मारते, तेही विचारलं. ठकू, म्हटलं. नाव त्यांना फार आवडलं.

१२ मार्च
बाजारातून आले तर खिडकीवरची वेल मुळापासून छाटलेली. पडदे धुवायला टाकलेत म्हणे. खोलीत उजेड हवा, सर एवढंच बोलले. दुपारभर ऊन थेट पलंगावर. समोरच्या पाण्याच्या टाकीवर गोणपाट बांधलंय, त्याला एक भोक आहे. भोकात काहीतरी चकाकतं.

महिनाअखेर कशाला? उद्याच निघते.

१३ मार्च
पिशवी भरली. दाराला बाहेरून कडी. आधी वाटलं, चुकून लागली असेल.

फोन सापडत नाही. आई गं, आई, म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडले. खाली ग्राइंडर चालूच. दमून जमिनीवर बसले तेव्हा पलंगाखाली दिसलं: चिकटपट्टीने लावलेला माइक. लाल दिवा चालू. उपटून फेकला, पण—

१५ मार्च
पाणी नाही. आवाज नाही, नुसती हवा येते. ओठ फुटलेत. ऊन पलंगावर, कोपऱ्यात, सगळीकडे. सर टाकीपाशी बसलेत. हात जोडले. गोणपाट हललं नाही.

एकदाच दाराशी आले. तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, तोंड जरा आणखी उघडा.

१६
खाली सर फोनवर. मध्येच माझं ओरडणं, त्या दिवशीचं. मग ते सांगतायत, ताप डोक्यात गेलाय हो, सारखी तुमच्या नावाने टाहो फोडतेय, लगेच निघा.

नको. आई, नको येऊ.

१७
ग्राइंडर बंद. दारावरच्या झरोक्यातून फाटक दिसतं, पिशवीवर चढून.

आई. तीच निळी साडी. हातात थर्मास. मिस्त्रींना पत्ता विचारतेय.

मी ठोठावलं तर धावत वर येईल. नाही ठोठावणार. चादरीचा बोळा तोंडात घातलाय. लिहीत राहते, म्हणजे हात दारावर जाणार नाहीत.

मिस्त्री तिला आत सोडत नाहीयेत. हात धरून मागे ओढतायत, काहीतरी समजावतायत. ऐक त्यांचं. ऐक ना गं.

ती वळली. त्यांच्याबरोबर गॅरेजकडे चाललीय. जा. मागे बघू नको, जा, ज—

जिन्यातून माझा आवाज. "आई! आई गं!"

मी नाही. बोळा तोंडातच आहे.

थर्मास पडला. मिस्त्रींचा हात झटकून— "ठकू! आले गं, आले—"

फाटक ढकललं. जिन्यावर चपला. बाहेर आई कडी काढतेय, आणि समोर टाकीवरचं गोणपाट हळूच बाजूला—

आई दारात ये