रविवारपर्यंत शहर

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.
शिवरंजनीनं पुण्याहून माझ्या कॉम्प्युटरवर गेम टाकून दिला. शहर वसवायचं. रस्ते, पाणी, बस, सगळं आपणच. म्हणाली, पप्पा, शिकून घ्या, तेवीस तारखेला संध्याकाळी पाचला मी ऑनलाइन तुमच्या शहरात येते. एरवी पोरगी फोनवर दीड मिनिटाच्या वर बोलत नाही.
जिंतूरच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं ट्रॅफिक कंट्रोलर होतो. दोन दिवस पुरे.

४ मार्च
गेममध्ये नवशिक्यांसाठी बारा धडे आहेत. पहिला : नकाशा कसा फिरवायचा. अपमान वाटला. सगळे स्किप केले.

५ मार्च
नकाशा फिरत नाही.

७ मार्च
बिगिनर्ससाठी व्हिडिओ सापडले. चौसष्ट भाग. इंग्रजी बोलणारा गडी लय फास्ट. रोज पाच भाग बघायचे. एकोणीसला मी एक्स्पर्ट.

९ मार्च
पाऊण भाग झाला. हिंदीवाला बरा वाटला. बारा मिनिटं सबस्क्राइब करा म्हणाला, मग शिकवलं, शेवटी म्हणाला हे जुन्या व्हर्जनचं होतं.

१० मार्च
लेखी गाइड डाउनलोड करून प्रिंट काढली. एकशे ऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग. महत्त्वाच्या ओळींना पिवळा मार्कर. दोन पानं वाचली, दोन्ही पूर्ण पिवळी. अभ्यास असा असतो.

१३ मार्च
कसेबसे रस्ते टाकले, घरं बसवली, तर वस्ती घटायला लागली. फोरमवर विचारलं : सिटिझन्स आर लीव्हिंग, काइंडली डू द नीडफुल. उत्तर आलं, वरची पोस्ट वाचा. तिथं लिंक. लिंकवर दुसरी लिंक. तिच्यावरून फिरून माझ्याच प्रश्नावर आलो. खाली एकानं 'सेम प्रॉब्लेम' लिहिलं होतं. म्हणजे चूक गेमची.

१६ मार्च. दुपारी २.
बायको, नीलम्मा, तिसऱ्यांदा बोलवायला आली. म्हणाली, जेवायला चला की हो, तुमचं गाव कुठं पळून चाललंय का? वस्तीचा आकडा दाखवला. चाललंच होतं.

१९ मार्च
बस सुरू! सहा रूट, सगळ्या गाड्या टायमावर. डेपोतला जुना ड्रायव्हर मुंजाजी याला मुद्दाम बोलावून दाखवलं. लय वेळ बघून म्हणाला, सायेब, रिकाम्याच पळायल्यात की. म्हटलं, सीझन नाही.

२२ मार्च
गुपचूप धडे उघडले. सहावा : पाणी. पाइप जोडायचाच राहिला होता. जोडला. सांडपाण्याचा निघाला. राहिलेली दोनशे माणसं आजारी. दवाखाना नवव्या धड्यात आहे.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
बरोबर पाचला तिचं नाव स्क्रीनवर आलं. आली खरंच.
खाली अक्षरं उमटली : पप्पा, माणसं कुठंयत?
उत्तर कुठं लिहायचं, सापडेना. नीलम्मा चष्मा लावून शेजारी शोधायला लागली.
शिवरंजनी एका बसच्या मागं मागं सगळं शहर फिरली. स्टँडवर थांबली. लिहिलं : हे सेम आपलं जिंतूरचं स्टँड केलंय. कोपऱ्यातला कडुलिंबपण!
मला लय सांगायचं होतं. एक बटण दाबलं, रस्ता खोदला गेला. दुसरं दाबलं, लिंब गेला.
स्क्रीनवर आलं : पप्पा, आहात ना?
नीलम्मा स्क्रीनकडं बघून मोठ्यानं म्हणाली, हाव, हायत, हायत.
खाली उमटलं : झोपलात वाटतं. असू द्या. बाय.
पाच बाराला नाव गेलं. लगेच फोन लावला. एंगेज.