आमच्या मेंदूत तुझं काय आलं

आई, तुझ्या आजाराला नाव होतं, हे तुला कुणी सांगितलं नाही. स्किझोफ्रेनिया. आम्हालाही ते तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तुझा धाकटा कॉलेजात होता आणि एक दिवस भिंतीकडे बघून कुणाला तरी उत्तरं द्यायला लागला, तेव्हा.

बोईसरची ती दोन खोल्यांची जागा मला नीट आठवते. बाबा कारखान्यात पाळीवर गेलेले. तू स्वयंपाकघराची खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबते आहेस, कारण बाहेरची बाई तिथून बोलते. मी चौथीत आहे. शाळेतून येऊन वाटीत आमटी घेते, तशी तू फटका मारून वाटी उडवतेस. "तिनं विष कालवलंय त्यात. सांगितलं होतं ना?" मग मोरीत नेऊन मला चुळा भरायला लावतेस, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी माझं तोंड उघडून बघतेस. मला पुढे कित्येक वर्षं त्यातला नुसता मार आठवायचा. शेजारी शिरगावची मावशी होती, मासे विकायची. ती बाबांना म्हणाली, "हिला बाहेरचं लागलंय. मासवणला भगत हाय, तिकडं न्या. दवाखान्याचं काम नाय हे." बाबांनी नेलं. पुढे दवाखान्यातही नेलं, पण गोळ्या लागू पडायच्या आधी कावीळ झाली आणि तू गेलीस. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, हिला सांगलीकडून इथं आणलंच नसतं तर बरं झालं असतं.

धाकट्याच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. आता तो चाळिशीत आहे, एका कारखान्यात पॅकिंगला जातो, कधी रजा घेतो, पण जातो. यंदा पालघरच्या त्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, एका संशोधनासाठी भावाबहिणींचं रक्त आणि मेंदूचा एमआरआय हवा आहे, याल का? आम्ही मुंबईला जाऊन दोन्ही देऊन आलो. नंतर त्या बाईंसमोर बसलो असताना त्यानं सरळ विचारलं, "म्हणजे हे मला आईनं दिलं?"

बाई घाईनं बोलत नाहीत. म्हणाल्या, "एक जनुक आलं आणि आजार झाला, असं सहसा नसतं. जनुकांमधले बारीक बारीक फरक असतात, खूप. एकेकाचा परिणाम नगण्य. त्यातले निम्मे तुमच्या वडिलांकडूनही आलेत, आणि ते तर आजारी नव्हते." मग त्यांनी सांगितलं, आजार असलेल्या पुष्कळ माणसांचे मेंदू एकत्र पाहिले, तर बाहेरचा थर सरासरीनं किंचित पातळ दिसतो, आतल्या पोकळ्या थोड्या मोठ्या. पण जनुकांमधल्या त्या फरकांचा या थराशी नेमका संबंध काय, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. गोळ्यांचाही त्यात थोडा हात असू शकतो. आणि एकट्या माणसाच्या चित्रावरून काहीच ठरवता येत नाही.

"मग बाबा म्हणायचे ते? इथं आणल्यामुळं झालं म्हणून?" मी विचारलं.

"जागा बदलण्याचा ताण कुणाकुणाला भोवतो. पण तेवढ्यानं झालं असं मी म्हणणार नाही."

धाकटा फाइल पिशवीत ठेवायला लागला. मग म्हणाला, "ताई, बाबांना हे ऐकायला मिळायला पाहिजे होतं." बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. तुझा विषय त्यानं पहिल्यांदाच आपणहून काढला. तुझा आवाज कसा होता, विचारलं. तू गेलीस तेव्हा तो फार लहान होता. मी जमेल तेवढं सांगितलं, आमटीचंही. तो म्हणाला, "म्हणजे ती तुला वाचवत होती." मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

हे कागदावर उतरवलं तरी पाठवायला पत्ता नाही, आणि धाकट्याला मी ते वाचायला देणार नाही. कारण एवढंच. माझ्या एमआरआयमध्ये लक्षात घेण्यासारखं काही नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि बोईसरला परत येताना रिक्षात मला जरासं वाईटही वाटलं, की त्या चित्रात दाखवता येईल असं तुझं काहीच माझ्याकडे निघालं नाही.