शेजाऱ्यांची सरासरी

३ एप्रिल

आले बाई एकदाची नाशिकला! लातूरहून आलेल्या गाडीचा एसी बंद, शेजारच्या काकूंच्या पिशवीतून लोणच्याचं तेल गळतंय, तरी मूड झकास. कंपनीने गंगापूर रोडला एक बंगला भाड्याने घेतलाय. खाली ऑफिस, वर आम्हा दोघींच्या खोल्या आणि गच्चीवर आमचं स्वतःचं वेदर स्टेशन. दुसरी म्हणजे स्नेहा. ती द्राक्षबागायतदारांना आमचे अंदाज विकते आणि बोलते इतकं की मध्ये श्वास कधी घेते देव जाणे. उतरल्या उतरल्या तिने मला मिसळ खायला नेलं. इथे मिसळीबरोबर पापड देतात. लातूरला कळवायला हवं.

मालक संतोष सर. मला 'वैष्णवी मॅडम' म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. काम असं: जिल्ह्यात ठिकठिकाणी आमची स्टेशनं आहेत, त्यांचे आकडे रोज तपासायचे. प्रत्येक स्टेशनला गावातलाच एक राखणदार असतो. तो सेन्सरची पेटी पुसतो, पाखरांची घरटी काढतो. गच्चीवरच्या स्टेशनला राखणदार म्हणून सरांनी माझंच नाव टाकलं.

७ एप्रिल

हवामानशास्त्रात एम.एस्सी. करायला निघाले तेव्हा आत्या म्हणाली होती, म्हणजे टीव्हीवर पाऊस सांगणार का गं तू? तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तेवढं तरी मिळायला हवं होतं. आमच्या वर्गातली एक मुंबईत बँकेला पुराची भीती समजावते आणि गलेलठ्ठ पगार घेते. एक जण झाडं लावून कार्बन क्रेडिट विकतो. दोघं स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये. आणि मी, वर्गात पहिली आलेली, आज सकाळी कबुतराची घाण खरवडली.

पण मी इथे उगाच नाही आले. पुण्याच्या संस्थेत पीएच.डी.ची मुलाखत झालीय. तिथल्या मीना मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, डोंगरापासून सपाटीपर्यंतच्या सलग नोंदी आण, मध्ये एकही खाडा नको, मग जागा तुझी. एकच जागा आहे. मला ती हवीय, बस्स. नाहीतर जन्मभर पेट्या पुसत बसायचं.

११ एप्रिल

हरसूलने डोक्याला ताप दिलाय. तिथलं तापमान ३७ वर जाऊन बसलंय. दिवसा ३७, पहाटेही ३७. हवेत दमटपणा पूर्ण, वारा शून्य. आजूबाजूची सगळी स्टेशनं दुपारी चाळिशीला टेकतात आणि पहाटे छान उतरतात, हेच एक हट्टाला पेटलंय.

जीप करून गेले. राखणदार बुधाकाका भलता विनोदी माणूस. बकरी चोरायला आलेल्या चोरालाच बकरीने कसं पळवलं, ती गोष्ट त्यांनी सगळे आवाज काढून सांगितली. त्यांची बायको तानुबाई म्हणाली, लगीन झाल्यापासून ऐकतेय, आणि तरी पदर तोंडाला लावून हसत होती. नागलीची भाकर खाल्ली, नवा सेन्सर बसवला. काका म्हणाले, मॅडम, तुमच्या पेटीला माणसावानी ताप भरलाय. ऑफिसला येऊन पाहते तर ३७. वैताग नुसता!

१४ एप्रिल

सर म्हणाले, एवढा काय विचार करता? जे शेजाऱ्यांशी जुळत नाही ते चूक. काढून टाका आणि शेजारच्या स्टेशनांची सरासरी भरा. आम्हाला कॉलेजातही हेच शिकवलंय, सगळीकडे असंच करतात. मी हरसूल साफ केलं. आलेख कसा गुळगुळीत झाला.

रोज कोण बसणार म्हणून प्रोग्रामच लिहून टाकला. न जुळणारा आकडा दिसला किंवा आकडाच आला नाही, की एक दिवस वाट पाहून दुसऱ्या दुपारी आपोआप सरासरी भरली जाते. सर जाम खूश. कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी तो सर्व्हरवर कुलूपबंद केला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला. मीना मॅडमना मेल केला, आता खाडा पडणार नाही. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

२२ एप्रिल

तानुबाईचा फोन. रडत होती. म्हणाली, पोरी, हा माझा माणूस नाय. काका बाजाराला गेले होते, तिथून परत आले ते असे आले. केव्हापासून, विचारलं. मी हरसूल साफ केलं तोच दिवस. मला वाटलं दारूबिरू असेल. तिला दवाखान्यात न्यायला सांगितलं.

२५ एप्रिल

हरसूलला जाऊन आले. काका अंगणात बसले होते. चेहरा तोच, पण बघून वळलं की आठवत नाही. बकरीची गोष्ट सांगा म्हटलं, तर म्हणाले, यंदा ऊन लय हाय. बाजूचा म्हातारा तेच म्हणाला होता, पलीकडची बाईही तेच. शेजारी हसले की हे हसतात, शेजाऱ्यांनी पाणी प्यायलं की पितात. तानुबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, चार शेजारी कालवून एक माणूस केलाय. भाकर वाढली होती. ती तशीच ठेवून निघाले.

२९ एप्रिल

गिरणाऱ्याचं स्टेशन कालपासून ३७. वारा शून्य. मी बघते आहे तोवर प्रोग्रामने साफ केलं.

तिथल्या राखणदार चिमणाबाई. एरवी फोन उचलताच पगार कधी म्हणून मला झाडतात, गेल्या आठवड्यात तर बापही काढला माझा. आज गोड बोलल्या. म्हणाल्या, यंदा ऊन लय हाय.

मी फोन ठेवला आणि हरसूलच्या जुन्या नोंदी उघडल्या.

३० एप्रिल

आता कळलं. ३७ म्हणजे माणूसच. माणसाच्या अंगाची ऊब, श्वासाचा दमटपणा. पेटीत तो राखणदारच दिसत होता, जिवंत, आपल्या जागेवर. का दिसतो ते मला माहीत नाही. पण चूक समजून त्याला काढला मी. आणि रिकाम्या जागी भरलं ते—

बुधाकाकांना मी घालवलं. मी!

२ मे

सरांना सांगितलं. हसले. उन्हात फिरत जाऊ नका, ताक प्या म्हणाले. पासवर्ड मागितला तर, मॅडम, क्लायंटचं काम आहे, खेळ नाही. मी ओरडले. कधी नव्हे ते ऑफिसात ओरडले. ते शांतपणे लग्नाला इंदूरला निघून गेले. फोन बंद.

स्नेहा म्हणते, पीएच.डी.चं टेन्शन घेतलंयस तू. घेतलंय ना! मंगळवारी मीना मॅडमचा फोन येणार आहे. हो की नाही, ते त्या सांगणार.

५ मे

गच्ची. ३७.

राखणदार मी.

६ मे, सकाळी

अजून ३७ आहे. काल प्रोग्रामने वाट पाहिली, एक दिवसाची सूट मीच ठेवली होती त्यात. आज नाही पाहणार.

वायर उपटल्या. मग लक्षात आलं, आकडा आला नाही तरी तो भरणारच. तेही मीच लिहिलंय. किती हुशार मी! वायर परत जोडल्या.

सर्व्हर इथे नाही. सरांना वीस मेसेज. एकही पोचला नाही.

पळून जाऊ? काका तर बाजारात होते. कुठेही गेले तरी—

आणि फोन आजच यायचाय.

दुपार

झालं. गच्चीचा आकडा साफ होऊन हिरवा झाला. बाकीच्यांसारखा.

मला काही झालेलं नाही. लिहितेय. हात आहेत, पाय आहेत. उगाच घाबरले, मूर्ख कुठची—

स्नेहा आली. हाक मारली. तिने ओढणी खुर्चीवर टाकली. खुर्चीत मी आहे.

स्वयंपाकघरात ती हसतेय. कोणाशी? म्हणतेय, वैष्णवी, आज किती छान बोलतेस गं, नाहीतर सदा तुझी कटकट

गार वाटतंय. मे महिना आहे

फोन. पुण्याचा नंबर. माझ्या हाताशीच आहे. बोट ठेवते, सरकवते, स्क्रीनला कळतच नाही. परत. परत—

ती आली. स्नेहा नव्हे, ती दुसरी; अंगात माझा कुर्ता. चेहरा चारचौघींसारखा. तिने बोट लावलं आणि लागला

म्हणतेय, हो मॅडम, वैष्णवीच. सगळं सलग आहे, एकही खाडा नाही. जागा घेते मी

मॅडम खूश आहेत, अभिनंदन म्हणताहेत, मला इथवर ऐकू

मॅडम, ती मी ना