मुद्दाम घातलेली चूक

सर, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, असा संशय मला इतकी वर्षं आहे. वैद्यकीय भौतिकशास्त्राचं आमचं शेवटचं वर्ष. परळच्या हॉस्पिटलच्या तळघरात, रेडिएशनच्या मशीनशेजारी, आम्ही तुमच्या हाताखाली शिकत होतो. लालबागच्या एका बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डोस द्यायचा होता. गणित तुम्ही केलेलं, खाली तुमची सही. मी ते फक्त वहीत उतरवून घ्यायचं. मी आपलं पुन्हा करून पाहिलं. गाठ त्वचेखाली किती खोल आहे, तो आकडा दुसऱ्याच पेशंटचा आला होता.

मी कागद तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही चष्मा काढता, पुसता, पुन्हा लावता. मग एकदम हसता. "पकडलीस! मुद्दाम घातली होती. म्हटलं बघू, माझी सही बघून गप्प बसतेस का." आकडा खोडून तुम्ही नवा लिहिलात. बाईंना डोस बरोबर मिळाला. पण कागद परत दिलात तेव्हा तुमच्या बोटांच्या घामानं त्यावरची शाई पसरली होती.

पुढे तोंडी परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण मला. शिफारसपत्रही न मागता. मैत्रीण म्हणाली, "तुझं काय बाई, सर खूश आहेत तुझ्यावर." ते गुण अभ्यासाचे होते, की गप्प राहण्याचे?

तुम्ही गेल्यावर मी वरळीला तुमच्या घरी काकूंना भेटायला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "एकदा ह्यांनी हॉस्पिटलातून जुन्या गणितांच्या वह्या घरी आणल्या. दोन रविवार तपासत बसले. जेवायला हाक मारली तर म्हणे, थांब, एका पोरीनं डोक्यात शंका घातलीय."

"काही सापडलं त्यांना?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण शेवटची वही मिटली आणि तिथंच गाढ झोपले."

आता मी शिकवते. दरवर्षी नव्या मुलांना सांगते, आमचे सर मुद्दाम चुका घालायचे. मुलं भारावतात. त्या दोन रविवारांबद्दल मात्र बोलत नाही, आणि खरं तर शिकवण्यासारखं तेच आहे. मी तुमची अब्रू राखतेय, अशी स्वतःची समजूत घातली होती. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: तुमची चूक उघड केली तर माझ्या गुणांबद्दलही कुणीतरी विचारेल, याचीच मला भीती वाटते.