भीमाचा भोपळा

संगमनेर, ११ मे १९९७

प्रिय कानिफनाथ,

प्रिय लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? चार वर्षांत तुला पत्र नाही. श्रीगोंद्याच्या कारखान्यावर तू कसा आहेस, तेही परस्परच कळतं.

माझा भाऊ भीमा प्रवरेच्या डोहात बुडून गेला, तेव्हा काठावर तू एकटाच होतास. मोठ्या शिवडा माशासाठी तुम्ही दोघांनीच ते हत्यार केलं होतं. भाल्याचं काटेरी टोक सैल बसवलेलं, घाव बसला की दांड्यातून सुटायचं. टोकाला वीस हात दोरी आणि दोरीच्या शेवटी वाळका भोपळा. मासा बुडी मारायचा, भोपळा त्याला वर ओढायचा, अर्ध्या तासात गडी थंड. "माशासंगं आपुन वढाताण करायची न्हाई, भोपळ्याला करू द्यायची," असं भीमा मलाही शिकवायचा. आणि मी पडलो पाण्याला घाबरणारा शाळामास्तर.

मग त्या दिवशी दोरी भोपळ्याऐवजी त्याच्याच मनगटाला बांधलेली कशी? तू म्हणालास, "भोपळा घरी इसरला. म्या नगं म्हनलं, त्यानं ऐकलं न्हाई." भीमा जेवण विसरेल, भोपळा नाही. आदल्याच आठवड्यात पहिला घाव कुणाचा, यावरून तुमची जुंपली होती. इथेच पाणी मुरतंय, अशी माझी खात्री झाली. भोपळा तूच लपवलास, असं मी पारावर चारचौघांत बोललो. लोकांनी तुला लग्नाकार्याला बोलावणं सोडलं. तू एकदाही उलटून बोलला नाहीस. चोराच्या मनात चांदणं, असंही मी म्हणालो.

परवा माळा झाडताना जुन्या गोधड्यांखाली भोपळा सापडला. बांधणी भीमाचीच. माझी माधुरी आता तेरा वर्षांची आहे, तो बघून तिने सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकायचं म्हणून तिनेच न विचारता तो नेला होता. मला बातमी द्यायला धावत येताना तू तो तिच्या पाठीला बांधलेला पाहिलास. तुझे शब्द तिला जसेच्या तसे पाठ आहेत. "पोरी, लपीव त्यो. इसरला म्हनतो म्या. तू कुनाला सांगू नगं."

मला लाज वाटते, कानिफ. येत्या रविवारी पारावर मी सांगणार आहे की भोपळा मीच माळ्यावर टाकला होता. तिचं नाव तू चार वर्षं घेतलं नाहीस, मीही घेणार नाही. तू ये, समोर बस. आणि माझ्यासाठी एवढं कर, मला खोटं पाडू नकोस.

तुझाच, म्हणू देशील तर,
रंगनाथ